अडीच इंच

तिचं फक्त तोंड दिसतंय, तेही उलटं,
हनुवटीवर ग्रीस, डोक्याखाली जुनी चटई.
"उजेड नटावर धर. माझ्यावर नको."
मी टॉर्च नटावर धरतो.
एकतीस वर्षं पोस्टात काढली,
इतकं नेमकं काम कुणी सांगितलं नव्हतं.

जीप तिची. लिलावात घेतलेली, तिच्या पैशांनी,
मी यायच्या बरंच आधी.
गेल्या कार्तिकात केळदच्या पुढे एका ओढ्यात
मधल्या धोंड्यावर गाडीचं पोट टेकलं
आणि चार चाकं असून आम्ही बसून राहिलो
म्हशींसारखे, पाण्यात.
काठावर एक पोरगा शेंगा खात बघत होता.
परतीच्या वाटेवर ती काही बोलली नाही.
वारज्याच्या पुलावर म्हणाली,
"अडीच इंच. अडीच पुरे."

मग नाना पेठ. लतीफभाईंच्या दुकानात
तिने नवे पाटे वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिले,
कमानीवरून बोट फिरवलं,
एक परत केला.
चिंचवडला चोवीस वर्षं गेज घेऊन
दुसऱ्यांच्या चुका मोजलेली बाई.
लतीफभाई हळूच मला म्हणाले,
"साहेब, घरी कसं निभतं?"
म्हटलं, "टॉलरन्स आहे."

पोर्चमध्ये चासी घोड्यांवर चढवलेली,
चाकं भिंतीला टेकून, शिक्षा झाल्यासारखी.
यू-बोल्टचे तीन नट सुटले. चौथा नाही.
आणि चारपर्यंत हातोडा बंद: शेजारी ओगल्यांची झोप.
गंजावर तेल सोडून आम्ही पायरीवर बसलो.
चहा झाला. दुसरा झाला.
आत कुठेतरी तेल
गंजाची समजूत काढत होतं.

सव्वाचारला पहिला टोला.
"तू दचकतोस, मग उजेड दचकतो."
पाचव्याला नट हलला.
ओगले कंपाउंडवरून डोकावले, केस विस्कटलेले:
"एवढी उंच करून जायचंय कुठे?"
"खाली," ती गाडीखालून म्हणाली. "ओढ्यात."

पाटे बसले. लांब शॉकअब्सॉर्बर बसले.
शेवटचा बोल्ट मी मागून घेतला
आणि जीव खाऊन आवळायला लागलो.
तिने मनगट धरलं.
"आत्ता नाही. नुसता टेकव.
चाकं जमिनीला लागू देत,
वजन येऊ दे पाट्यांवर, मग आवळायचं.
हवेत आवळलं की बुश पिळून मरतं."

आमचं लग्न चार वर्षांपूर्वीचं, रजिस्ट्रारच्या कचेरीतलं,
दोघांचंही दुसरं.
माझी आत्या जुन्या शब्दांची:
"पाट लावलास म्हणे."
राग आला होता तेव्हा.
पहिली दोन वर्षं आम्ही किल्ल्यासुद्धा
वेगळ्या जुडग्यांत ठेवायचो,
दोन वेगळ्या खिळ्यांना.

जॅक उतरला. जीप खाली आली,
कण्हली, जराशी झुलली, थांबली.
टेप लावून चारही कोपरे मोजले:
डावी बाजू पाव इंच वर.
वाटलं, आता ही सगळं परत खोलणार.
तिने वहीत आकडा लिहिला,
त्याच्यापुढे एक शब्द: बसेल.
आणि पाना माझ्या हातात दिला.

अंधार पडता पडता चढून बघायचं ठरलं.
तिचा पाय पोचला. माझा गुडघा नाही म्हणाला.
मी आतून शिसवी पाट आणला,
पितळी फुलांचा, एक फूल पडलेलं,
फरशीवर ठेवला आणि चढलो.
स्टिअरिंगवर हात ठेवून ती बघत होती.
"पाट गाडीतच राहू दे,"
एवढंच म्हणाली, आणि मग,
"टॉर्च बंद कर आता. सेल जातील."