अकरा मापं

पेटी साठ वर्षं कुणी उघडली नव्हती.
आत काय आहे ते माहीत नाही,
म्हणून तर रोज फूल ठेवायचं.
आईनं तिच्यासमोर कधी पाय पसरले नाहीत.
मामानं एकदा रागानं तिच्यावर हात आपटला
आणि मग आठवडाभर ताप होता असं सांगत फिरला.

अखेर निर्णय वाळवीनं घेतला.
खालच्या फळीतून पीठ गळायला लागलं,
तेव्हा वरच्या आळीतल्या गुस्ती मुद्रांना बोलावलं.
ते आले, बसले, आधी कॉफी मागितली.
मग मला म्हणाले, 'सुकेर्ती, हात धू. तू वाचणार आहेस.'
मला ती अक्षरं येत नव्हती.
'अक्षर शेवटी येतं.'

आधी वास आला.
गवती चहाचं तेल ताडपत्रांना चोळताना
ती कुणाच्या तरी तळहातासारखी लागत होती.
मग काजळी, जंगली अक्रोड जाळून केलेली.
बोटानं फासायची, फडक्यानं पुसायची:
वरवरचं निघून गेलं,
कोरलेलं तेवढंच काळं राहिलं.
आता काहीतरी थोर सांगतील, असं वाटलं.
म्हणाले, 'नखं किती वाढवलीस.'

पहिलं पान. ते आधी गायचे,
मग आमच्या घरगुती बोलीत उलगडायचे.
वाऱ्याचं एक घर तुझ्या छातीत.
हाडांत डोंगर, आसवांत समुद्र.
धाकटं जग, थोरलं जग:
एकाच मापानं बेतलेली दोन कापडं.
आई म्हणाली, 'मग ओढ्यात प्लास्टिक टाकलं की...'
'हो. तेच.'

पुढं कुठंतरी वायू, शब्द, मन.
झाडाला पहिला, जनावराला पहिले दोन,
माणसाला तिन्ही,
आणि तिसऱ्याचं ओझंही त्यालाच.

मध्येच भोक. किड्यानं शब्द खाल्ला होता.
मी म्हटलं, अंदाजानं भरू.
त्यांनी तिथं आवाज थांबवला,
एक श्वास जाऊ दिला, पुढं गेले.
'ऋषींनी ऐकलं, ते आपण सांगतो.
नाही ऐकू आलं, तर नाही ऐकू आलं म्हणायचं.'

संध्याकाळी ऋणाचं पान निघालं.
जन्मलास तोच देणेकरी.
देवांचा, ज्यांनी पाणी सोडलं.
ऋषींचा, ज्यांनी शब्द राखला.
पितरांचा, ज्यांचं नाक तुझ्या तोंडावर आहे.
मामानं नकळत नाक चोळलं.

त्याखालचं पान वेगळ्या हाताचं, घाईचं.
गुस्ती मुद्रा गायला लागले आणि थांबले.
दिव्याजवळ नेऊन साध्या आवाजात वाचलं:
'डोंगर पेटला त्या वर्षी
राखेत पीक गेलं.
खालच्या बांधाच्या मेन दारमीकडून
तांदूळ, अकरा मापं. देणे.'

काट मारलेली नव्हती.

मामा म्हणाला, हे चुकून आलं असणार
या पेटीत.
गुस्ती मुद्रांनी त्या पानावर फूल ठेवलं,
बाकीच्यांवर ठेवलं होतं तसंच, तेवढंच,
आणि चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा पोतं घेऊन उतरलो.
आमच्या शेतातलं पाणी ज्या पाटानं खाली जातं
त्याच्याच कडेनं.
मेन दारमी केव्हाच गेली.
नातू मर्ता स्कूटर दुरुस्त करतो.
त्याचे हात मनगटापर्यंत काळे.
माझेही होते, धुऊनही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही.
पोतं उचलून वजन बघितलं.
'आणि आजीनं हे कुणाकडून आणलं होतं,
ते लिहिलंय का?'

मी मनातल्या मनात पान उलटलं.
मागची बाजू कोरी.

त्यानं दहा मापं ठेवून घेतली.
अकरावं परत दिलं, म्हणाला,
'तुमच्याही वरच्या बांधाला विचारा.'

पाणी खाली येत होतं.
आम्ही एक माप घेऊन वर निघालो.