खिडकीतली मोजणी

सॅक्सनीतल्या आमच्या डोंगरगावात
घरात मुलं किती, हे डिसेंबरात खिडकीच सांगते:
मुलामागे एक लाकडी खाणकामगार,
मुलीमागे एक देवदूत. हातांत मेणबत्त्या.
आमच्या खिडकीत दोन आणि एक.

मी गव्हाच्या काड्या भिजवते, चिरते,
इस्त्री फिरवून त्यांच्या चांदण्या बांधते लाल दोऱ्यानं.
एर्डमान खाली तळघरात. लेथची घरघर,
मग बराच वेळ काहीच नाही.

आठ वर्षांची रोजविता म्हणाली होती,
"माझ्याच बाहुलीला पंख का? मला हातोडा हवा."
तेव्हा तो नुसता हसला होता.
आता ती चिलीत, तांब्याच्या खाणीत,
जमिनीखाली सातशे मीटर.
तिथे पंख घेऊन काय करायचं?

रात्री तो वर आला. मिशीत भुसा.
टेबलावर ठेवली लिंडनच्या लाकडाची नवी बाहुली:
हेल्मेट, खांद्यावर हातोडा, नाक जरा वाकडं.
(हात थरथरतो हल्ली. मी बोलत नाही.)
पाठीवर मात्र दोन बारीक खाचा.

"आणि पंख?"
त्यानं खिशातून काढले, नखाएवढे.
"सुटे ठेवलेत," म्हणाला.
"लावायचे की नाही, तिचं ती बघेल."