हंगाम नव्हता

शलोमीमावशी म्हणायची, तो देश सोलापूरसारखाच असणार,
नाहीतर इतकी माणसं विहिरीपाशीच कशाला भेटली असती.
काटे, शेळ्या, चटका देणारा दगड,
आणि दारात सावलीपुरतं अंजिराचं एक झाड.
त्याखाली कोणाला न भिता बसता आलं
की समजायचं, राज्य बरं चाललंय.

पहिल्या बहराची फळं थेट तोंडात.
दुसऱ्या बहराची छपरावर वाळवून, थापून
ढेप करायची, गुळाची असते तशी.
एका बाईने तर नवऱ्याचा मूर्खपणा निस्तरायला
दोनशे ढेपा गाढवांवर लादल्या.
"दोनशे," मावशी म्हणायची
आणि शेंगाचटणीच्या डब्याचा तळ बघायची.

तिचं रोप सासवडहून आलं, एसटीत, मांडीवर बसून.
मिशन कंपाउंडात, मोरीमागे लागलं.
नळ पाचव्या दिवशी. तरी आंघोळीचं पाणी त्याला,
तांदळाचं धुवण त्याला.
तीन वर्षं नुसती पानं.
रूबेन ती कमरेला गुंडाळून नाचला
आणि रात्रभर खाजवत बसला.
मे महिन्यात त्याच्या मानेवर गळू आलं.
मावशीने सुकं अंजीर शिजवून बांधलं:
राजाला गुण आला होता, याला का नाही?
शेवटी सिव्हिलमध्ये चिरा दिला.
"तो राजा होता," मावशी म्हणाली.

आशेरकाका चादरीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून यायचे,
कोयता घेऊन उभे राहायचे.
"फुकट जागा अडवलीय."
"एक वर्ष थांबा. खणते, शेणखत घालते."
हे बोलणं दोघांनीही लहानपणीच ऐकलेलं,
म्हणून कोयता परत खुंटीला.

एका गोष्टीवरून मात्र तिचं प्रभूशी बिनसलं होतं.
भूक लागली, झाडापाशी गेला,
फळ नाही म्हणून शाप दिला, झाड मुळापासून वाळलं.
"अरे, हंगामच नव्हता,"
भांडी घासताना ती म्हणायची. आम्हाला नाही.
पाळकांनी अर्थ समजावला. तिने ऐकून घेतला,
राखेचा हात तसाच धरून.

पाचव्या वर्षी सात फळं धरली.
चार बुलबुलांनी नेली, दोन मुंग्यांनी.
उरलेलं तिने विळीवर चिरलं.
"उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात ना? हे बघा,
सगळी फुलं आत."
आम्हाला नखाएवढी फोड मिळाली.
एक फोड तिने डब्याच्या झाकणात ठेवली,
झाडाखाली, दगडावर.
"आता ये म्हणावं."

संध्याकाळी झाकण मुंग्यांनी काळं झालं होतं.
तिने ते धुतलं,
पाणी बुंध्याशी ओतलं.