गळतं कुठे ते दाखव

घर पाहावं बांधून म्हणतात.
मी आधी बांधणारे पाहत हिंडले
अख्खा एक हिवाळा.
फेरीबोटीवर तिकिटं फाडून साठवलेला पैसा
बिस्किटांच्या डब्यात, डबा पिठाच्या पोत्यात,
आणि पोतं कुठे ते बहिणीलासुद्धा माहीत नाही.

प्वेर्तो मोंतहून एक साहेब आला, चकचकीत बुटांत.
त्याच्या फोनवर माझं घर आधीच बांधून तयार होतं,
खिडकीत कुंड्या, अंगणात कुणाचीतरी गोरी मुलं,
आणि आकाश असं निळं
की आमच्या चिलोए बेटावर वर्षातून चार दिवस दिसावं,
फार तर पाच.
नव्वद दिवसांत किल्ली हातात, म्हणाला.
मी विचारलं, इथे पाऊस कुठल्या बाजूने येतो, ठाऊक आहे?
तो म्हणाला, वरून.
हसला. मीही हसले.
कॉफी पाजून वाटेला लावला.

भाचा बाल्तासार म्हणे, मी बांधतो मावशी, घरचंच काम,
पैशाचं काय घेऊन बसलीस.
हेच तर.
पैशाचं घेऊन बसता येत नाही अशा माणसाला
भिंत वाकडी झाली तर बोलणार कसं?
त्याच्या आईशेजारी मला म्हातारपण काढायचंय.

मग कुणी म्हणालं, रुदेसिंदो बार्रिया.
होड्या बांधतो, मधूनमधून घरं.
बोलत नाही फारसा, खिळे तोंडात धरायची सवय.
त्याला भेटण्याआधी मी त्याचं घर बघायला गेले,
म्हणजे त्याने बांधलेलं, अकरा वर्षांमागे,
रोसाल्बा उएंतेओचं, दाल्काउएच्या चढावर.

ती दाखवायला निघाली होती बैठकीची खोली,
सायप्रसच्या फळ्या, जिन्याचा कठडा.
मीच म्हटलं, बाई, गळतं कुठे ते दाखव.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी तिचं वय विचारलं.
मग हाताला धरून नेलं मागच्या खोलीत,
पलंग सरकवला.
उत्तरेच्या खिडकीखाली डाग होता
बशीएवढा, चहाच्या रंगाचा, सुकलेला.

दुसऱ्याच वर्षी, ती म्हणाली. फोन केला त्याला.
त्या दिवशी वाऱ्याने होड्या रस्त्यावर आणून टाकल्या होत्या.
म्हटलं, उघडीप झाली की ये.
तर म्हणतो, उघडीप झाल्यावर मला काय दिसणार?
आणि आला. तसाच. शिडी खांद्यावर.
तासभर भिंतीला गाल लावून उभा,
बाहेरच्या बाजूने,
पाणी कुठून शिरतं ते ऐकत.

पैसे?
नाही घेतले. सूप प्यायला दोन वाट्या.
डागावर रंग मारू का विचारलं
तर नको म्हणाला, राहू दे,
वाढला तर कळेल.

मी त्याच्या शेडमध्ये गेले तेव्हा तो
एका होडीच्या पोटात आडवा होता.
पाय तेवढे दिसत होते.
पायांनाच सांगितलं सगळं: जागा, खोल्या,
डब्यातला आकडा (खरा नव्हे, थोडा कमी).
बराच वेळ नुसती हातोडी.
मग आतून आवाज आला,
लाकूड ओलं आहे. एक हिवाळा थांबणार असलात तर.
मी अठ्ठावन्न वर्षांची. हिवाळे मोजून वापरते.
तरी पायांना म्हटलं, थांबते.

आता फळ्या रचल्यात छपराखाली
मधे काठ्या घालून, वारा खेळेल अशा.
रविवारी जाऊन उलट्यापालट्या करते,
कलिंगडासारख्या बोटाने वाजवून बघते.
बहीण म्हणते, एवढ्यात तीन घरं उठली असती.
उठली असती.
भाचा रुसलाय, पण बटाटे पाठवतो.

घराचा अजून पत्ता नाही.
पलंग कुठे ठेवायचा ते मात्र ठरलंय:
उत्तरेच्या भिंतीपासून जरा लांब,
मधे एक माणूस
शिडी घेऊन उभा राहील इतका.