जिभेला हाड

डुलुथमध्ये जानेवारीत सरोवर गोठतं,
खनिजाच्या बोटी धक्क्याला बांधलेल्या राहतात,
आणि आम्ही चौघं दर गुरुवारी
आइली निस्कानेनच्या तळघरात उतरतो.
बॉयलरशेजारी प्लायवूडचं टेबल,
त्यावर ऑक्टोबरपासून
एका राजाचं थडगं लुटणं चाललंय.

खेळ आइली चालवते.
दिवसा ती इस्पितळात एक्स-रे काढते:
श्वास घ्या. धरा. सोडा.
इतरांच्या खेळात सांगाडे नुसते खडखडतात.
हिच्या सांगाड्यांचं मनगट तिरकं जुळलेलं असतं,
दाढेत फट असते,
एकाची तर सहावी बरगडी दोनदा मोडलेली.
"घरातल्याच कुणीतरी," ती म्हणाली,
आणि बराच वेळ फासा कुणी उचलेना.

वहीत मात्र एवढंच:
जिवाचे गुण तेरा.
बाण फासळ्यांमधून निघून जातो.
हातोड्यानं दुप्पट इजा.
विष चढत नाही, झोप लागत नाही,
शेवटचा हुकूम तेवढा लक्षात राहतो.

मागच्या खेपेला आर्विड सारेलाचा सरदार मेला.
आर्विडच्या जिभेला हाड नाही.
गोदीवर क्रेन चालवतो, आणि उंचावरून
दिवसभर रेडिओवर बोलत असतो,
खाली कुणी ऐको न ऐको.
त्याचा सरदारही तसाच.
"तुम्ही व्हा पुढे, दार मी धरतो," म्हणाला,
वर एक फालतू विनोद केला,
स्वतःच हसला, आणि मागच्या मागे खड्ड्यात.
तीन केसांच्या ब्रशनं रंगवलेली ढाल
वरच राहिली, काठावर.

आइलीनं नवा कागद पुढे केला.
त्यानं तो परत सरकवला.
"या थडग्यात सगळेच उठतात ना?"
"उठतात."
"मग याला मीच खेळतो."
"बोलता येणार नाही हं त्याला."
"माहितीये."
"आर्विड. एक शब्दही नाही."

आणि खरंच, एक शब्दही नाही.
दोन तास.
आम्हाला बॉयलरची धाप ऐकू आली,
वरच्या मजल्यावरचा फ्रिज,
आणि लांब कुठेतरी बर्फ तडकला तो आवाज,
पत्रा वाकवावा तसा.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याचे हात पाहिले.
ते थरथरत होते, थोडेसेच.

सोनं घेऊन आम्ही परतलो तेव्हा
तो दारात उभा.
मांस गेलेलं, हुकूम शिल्लक.
धरतो म्हणाला होता.
आता आमच्यासाठी धरलंय
की आमच्यावर, हे हाडांवरून कसं ओळखायचं?
लोवेलनं विचारच केला नाही, हातोडा घातला.
अकरा गुण गेले. उरले दोन.
आर्विडची पाळी आली.
त्यानं फासा मुठीत फिरवला, खळखळ, खळखळ,
तेवढाच काय तो त्याचा आवाज,
आणि न टाकताच खाली ठेवला.

मग माझी पाळी. मी पुजारीण.
चांदीचा सूर्य वर धरायचा, मंत्र म्हणायचा,
की मेलेले माघार घेतात
किंवा जागच्या जागी पीठ होतात.
मी टाकला फासा. पडला तो अठरा असेल, तीन असेल,
मी त्यावर तळहात झाकला.
आइलीनं पाहिलं. काही बोलली नाही.

आर्विडनं आपली बाहुली दोन बोटांत उचलली
आणि एक चौकोन बाजूला ठेवली.

"नियमात बसत नाही हे," लोवेल म्हणाला.
आइलीनं वही उघडली,
पान शोधलं, सापडलं असावं,
कारण तिनं वही मिटली.

साडेअकराला कोट चढवले.
बाहेर उणे सत्तावीस, हाडांत शिरणारं.
जिन्याच्या वरचं दार वाऱ्यानं आपटत होतं,
ते आर्विडनं खांद्यानं धरलं,
आम्ही एकेक करून बाहेर पडेपर्यंत.
सगळ्यात शेवटी मी.
"पायरीवर बर्फ आहे," तो म्हणाला,
घसा खाकरून,
"जपून."