सहा नंबरचा जोड

सुभाषनगरात आमच्या माळ्यावर
दोनशे चाळीस जोड पडलेत पोत्यांत.
टाच जिथं टेकते तिथं
तीन अक्षरांचा शिक्का, एका बेटाचं नाव.
पुतण्याच्या मोबाइलवर मी शोधलं होतं ते.
दोन बोटांनी ताणत ताणत नेलं निळं पाणी
तेव्हा कुठं मोहरीएवढं दिसलं.
बोटं उचलली, पुन्हा गेलं.

ऑर्डर आली तेव्हा मामंजी म्हणाले,
खाऱ्या पाण्यात कातडं टिकायचं न्हाई, सांगून टाक त्याला.
सांगितलं.
तिकडचा आदम हसला, मोडक्या हिंदीत म्हणाला,
ताई, चपला घालून समुद्रात कोण जातं?
दाराशी ठेवायच्या. पाहुणा घरी घेऊन गेला तरी चालेल.

मग तीन महिने मी वेण्या घातल्या,
जाऊबाईनं गोंडे केले,
यांनी रापी फिरवली बोटं सोलेपर्यंत,
आणि मामंजींनी दोन तळांच्या मधे विंचू बसवला,
चालताना कर्रकर्र वाजावं म्हणून.
वाळूत वाजंल का हो?
वाळूत न्हाई. फरशीवर वाजंल, म्हणाले.
फरशी असंल की त्यांच्याकडं.

पुढं काय झालं ते मला नीट कळलं नाही.
एका मोठ्या देशाचं जहाज त्यांच्या बंदरात थांबलं,
दुसऱ्या मोठ्या देशाला ते आवडलं नाही.
तिथला कुणी काही बोलला,
इथला कुणी त्याच्या वरचढ बोलला,
आणि बिंदू चौकात पोरांनी त्या बेटाचा फोटो जाळला,
निळाशार, नारळासकट.
राजारामपुरीतल्या टूरवाल्यानं
काचेवरचं पोस्टर रातोरात सोललं.
घाईत अर्धं राहिलं:
एक आरामखुर्ची आणि कुणाचे तरी पाय.
अनवाणी.

आदमनं लिहिलं, चाळीस खोल्या, तीन पाहुणे.
त्यातला एक आजारी म्हणून थांबलाय.
स्वयंपाक्याला घरी पाठवलं, बोटवाल्याला पाठवलं,
तुमच्या मालाचे पैसे आत्ता नाहीत, माफ करा.
दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, म्हणतात आपल्यात.
कुणीतरी तिसऱ्याला विचारा एकदा.

हे चप्पल लाईनला घेऊन गेले थोडे जोड.
गिऱ्हाईक आलं, पट्टा दाबून पाहिला,
वा म्हणालं, पाय उचलला,
शिक्का वाचला
आणि पाय तसाच मागं.
हे त्यांचं का?
न्हाई हो, आमचंच. नाव तेवढं त्यांचं.
नको मग, म्हणालं. लोक काय म्हणतील.

शिरोलीला हायवेवर पाणी चढलं होतं त्या साली
आठवडाभर कोल्हापूरचंच बेट झालं होतं की.
दूध नाही, पेट्रोल नाही, अंबाबाईला परगावचा भक्त नाही,
दुकान उघडं टाकून हे बसायचे
आणि रस्त्याकडं बघायचे.
पण आमचं पाणी उतरलं.
ते उतरणारं पाणी होतं.

रापीनं नाव खरवडून बघितलं एका जोडावर.
अक्षरं गेली. तळ पातळ झाला,
आणि जिथं नाव होतं तिथं
नाव होतं एवढं दिसतंच.
मामंजींनी माझ्या हातातून रापी काढून घेतली.
काही बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात आदमचा निरोप:
बायकोचा पाय सहा नंबर. एक जोड धाडाल का?
पैसे देतो, तेवढे आहेत.
कुरिअरवाल्यानं पत्ता वाचला, पाकीट परत सरकवलं.
तिकडचं सध्या घेत नाही, वहिनी.
का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तो जोड वेगळा ठेवलाय, फडक्यात.
न वापरलेलं कातडं ताठरतं,
म्हणून तेलाचं बोट फिरवते अधनंमधनं.
मला पाच नंबर लागतो.
काल घरात कुणी नव्हतं,
घातला, माळ्यावर चार पावलं चालले.
टाच मागं सुटत होती.
विंचू मात्र वाजला.