धोटा

गुरुवारी रात्री नऊनंतर
वादी कबीरमधल्या टायरवाल्याच्या मागचं शटर
अर्धंच वर जातं,
आणि आम्ही वाकून आत शिरतो.
देवळात शिरल्यासारखे, म्हणणार होतो,
पण देवळात सोल्डरचा धूर नसतो
आणि चपला घालून कुणी बसत नाही.

गॅरेज हैथमच्या काकाचं.
टेबल म्हणजे ट्रकचा जुना दरवाजा, दोन पिंपांवर आडवा.
रोवेना लॅबमधून थेट येते,
दिवसभर रक्त तपासलेल्या डोळ्यांनी
रेझिस्टरच्या रंगीत पट्ट्या वाचते, चष्म्याशिवाय.
उस्ताद मुतसिम ओम्दुर्मानला फिजिक्स शिकवायचे,
इथे पार्सलं पोचवतात,
आणि आमची प्रत्येक चूक खडूने फरशीवर सोडवून दाखवतात.
इम्तियाज पारकर खेडचा. तो काही बनवत नाही.
तो सुलेमानी आणतो, आणि विचारतो,
‘आज चालंल काय यो डबो?’
मी लिफ्टचा मेकॅनिक.
आठवडाभर माणसं वर-खाली करतो,
गुरुवारी एका डब्याला आडवं चालवायला बघतो.

डबा बिस्किटांचा. दोन मोटारी,
नाकाशी दोन डोळे, जमिनीकडे लावलेले.
फरशीवर काळ्या टेपची वाट.
डाव्या डोळ्याला काळं दिसलं तर डावीकडे,
उजव्याला दिसलं तर उजवीकडे.
एवढीच त्याची अक्कल. आमची तरी कुठे जास्त.

नाव मी ठेवलं, धोटा.
हैथमने विचारलं, म्हणजे काय?
मागाला अरबीत काय म्हणतात मला ठाऊक नव्हतं,
मग हात इकडून तिकडे नेला, तिकडून इकडे,
तोंडाने खटाक् खटाक् केलं.
त्याला वाटलं ट्रेन.
इम्तियाजला वाटलं कॅरम.
उस्तादांना कळलं. म्हणाले, मक्कूक!
अवकाशात जाऊन परत येतं ना,
त्या यानालाही आम्ही मक्कूकच म्हणतो.

माझा बाप इचलकरंजीत जॉबर होता.
माग बिघडला की पाना नंतर काढायचा,
आधी कान.
चोवीस मागांच्या खडखडाटात
एकाचं दुखणं त्याला वेगळं ऐकू यायचं.
पुढे पुढे तेवढंच ऐकू यायचं,
आम्ही मारलेल्या हाका नाहीत.

या गुरुवारी धोटा तिसऱ्या वळणावर भरकटत होता.
रोवेनाने प्रोग्रॅम तपासला.
उस्तादांनी कोन काढला.
हैथमने बॅटरी बदलली, शिवी दिली, सॉरी म्हणाला.
मी फरशीवर आडवा झालो, गाल टेकला.
थंड, तेलकट, रबराचा वास.
धोटा कानाशेजारून गेला,
टिक् टिक् टिक् खट्
टिक् टिक् टिक् खट्
‘दात पडलाय,’ मी म्हणालो. मराठीतच म्हणालो.
फक्त इम्तियाजला कळलं,
आणि त्याने जिभेने स्वतःची दाढ चाचपली.

जुन्या प्रिंटरच्या पोटातून चाक काढलं,
कानशीने घासून घासून बसवलं.
साडेअकराला धोटा निघाला.
पहिलं वळण. दुसरं.
तिसऱ्याला रोवेनाने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट
की माझीच नाडी मला लागली.
गेला. चौथंही गेलं.

टेप संपली तिथे थांब,
हे लिहायचं राहूनच गेलं होतं.

तो सरळ गेला.
अर्ध्या शटरखालून बाहेर, रस्त्यावर,
जिथे रात्रीसुद्धा डांबर गरम असतं.
पाण्याच्या टँकरने करकचून ब्रेक मारला.
आम्ही सगळे वाकून बाहेर, एकमेकांच्या अंगावर.

ड्रायव्हर खाली उतरला,
पांढरी दाढी, खांद्यावर ओलं फडकं.
दोन्ही हातांनी डबा उचलला.
चाकं हवेत फिरतच होती.
एवढ्या रात्री हे कुणाचं,
असं काही तो विचारेल म्हणून आम्ही उत्तर शोधत होतो,
प्रत्येकजण आपापल्या भाषेत.

त्याने काही विचारलं नाही.
त्याने तो कानाला लावला.
मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या.